नववा हात

आमच्या ग्रामपंचायतीत तेरा मेंबर होते आणि अध्यक्षाला खुर्चीवरून काढायला नऊ हात वर यावे लागत होते. त्या हातांत माझा एक होता. ही गोष्ट मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे, आणि दरवेळी थोडी खोटी सांगितली आहे. कुणाला सांगताना मी बिचारा झालो, कुणाला सांगताना शहाणा. आता वय झालं, कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायचा कंटाळा येतो. म्हणून घडली तशी लिहितो.

गाव बिदरकडच्या भालकी तालुक्यातलं. खटकचिंचोळीच्या बाजाराला सायकल मारत जावं आणि दिवस मावळायच्या आत परत यावं, एवढ्या अंतरावरचं. आम्ही मेंढरांमागचे लोक. वडिलांचं अर्धं आयुष्य कळपामागं दुसऱ्यांच्या रानात गेलं. मला कॉलेजात जायचं होतं तेव्हा ते मेंढरं घेऊन कुठं तरी बिलोलीकडं उतरले होते. त्या वेळी अण्णांनी मला तुरीच्या लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसवून गुलबर्ग्याला नेलं. अण्णा गळ्यात लिंग बांधणाऱ्या घरातले, कपाळाला विभूती, तुरीचे व्यापारी. आमचं त्यांचं नातं-गोतं काही नाही. कॉलेजच्या फॉर्मवर ‘पालक’ असं छापलं होतं, तिथं त्यांनी सही केली. कारकुनानं विचारलं, मुलगा तुमचा कोण? अण्णा म्हणाले, “नम्म हुडुगा.” आमचा पोरगा. त्या दोन शब्दांवर मी पाच वर्षं गुलबर्ग्यात काढली.

बी.ए.ला आम्हाला इंग्रजीतलं एक जुनं नाटक होतं. एका बलाढ्य पुढाऱ्याला त्याचेच सोबती भर सभेत भोसकून मारतात, असं ते नाटक. आमचे प्राध्यापक गुलबर्ग्याचेच होते. इंग्रजी वाचून दाखवायचे आणि समजावून दखनीत सांगायचे. पोरं खुनाच्या प्रसंगाची वाट बघत बसायची आणि ते म्हणायचे, “छुरी कू मत देखो, ज़बान कू देखो.” खून तर चार मिनिटांत होतो, त्याआधीचं आणि नंतरचं सगळं नाटक म्हणजे कोण कुणाला कसं पटवतो, एवढंच आहे असं त्यांचं म्हणणं. लोभी माणसाला लोभानं पटवता येतं, भित्र्याला भीतीनं. मग फळ्याकडं पाठ करून ते विचारायचे, “और भले आदमी कू?” आणि स्वतःच उत्तर द्यायचे, “उसकी भलाई से.”

मी ते वाक्य पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं, खाली दोन रेघा ओढल्या. आणि एवढं करून मला काय कळलं, तर त्या कटात सामील झालेला तो भला माणूस मला फार आवडला. मारणाऱ्यांत तो एकटाच स्वतःसाठी काही मागत नाही. मला वाटायचं, मी त्याच जातकुळीतला. तो कसा फसला, हे परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं आणि चांगले मार्क पडले. शिकलेल्या गाढवाला ओझं जास्त वाहता येतं, एवढाच त्याचा अर्थ.

नोकरी लागली नाही. गावोगाव फोनचे बूथ निघत होते ती वर्षं. वेशीजवळची खोली अण्णांनीच दिली आणि मी एसटीडी बूथ टाकला. गावातली माणसं तेव्हा हैदराबादला, पुण्याला बांधकामावर जाऊ लागली होती. तिथून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी फोन यायचा आणि इकडं आया, बायका बाकड्यावर बसून वाट बघायच्या. काचेच्या डब्यातलं बोलणं बाहेर स्पष्ट ऐकू येई. कोण रडलं, कुणी कुणाला शिव्या घातल्या, कुणाची पोरगी कुणाबरोबर गेली, सगळं माझ्या कानावरून जायचं. मी त्यातला एक शब्द बाहेर जाऊ दिला नाही. गावात माझं नाव झालं ते तेवढ्यावर. पुढं पंचायतीला उभा राहिलो तेव्हा प्रचारही करावा लागला नाही.

अध्यक्ष अण्णा. माणूस वाईट नव्हता, हेकट होता. ठराव घरूनच लिहून आणायचे. मीटिंग म्हणजे चहा प्यायचा आणि सही करायची. नळाची लाईन आधी शेवटच्या गल्लीला न्यायची, हे त्यांनी एकट्यानं ठरवलं. त्या गल्लीतल्या बायका अर्ध्या कोसावरून पाणी आणत होत्या, तेव्हा निर्णय बरोबरच होता. पण विचारलं कुणालाच नव्हतं. आमच्यात एक मेंबर वकिलीचं शिक्षण अर्धं सोडून आलेला, गाव त्याला वकीलच म्हणे. त्याच्या भावाच्या नव्या प्लॉटांकडून लाईन जावी अशी त्याची खटपट होती. ती फिसकटली, आणि तेव्हापासून तो माझ्या बूथवर येऊन बसायला लागला.

तो पहिल्यांदा बोलला ती दुपार अजून डोळ्यांपुढं आहे. करंट गेला होता, बाकड्यावर कुणी नव्हतं. तो फोन करायला आला होता म्हणे, पण रिसीव्हरला हात लावला नाही.

“सर, तुमी कामून गप बसलाव?”

“कशाबद्दल?”

“मला काय इचारताव? गाव बोलायलंय.” मग थोडं थांबून म्हणाला, “अण्णा देवमानूस हाय. माझी ना न्हाई. पर देव झाल्यावर मानसानं देवळात बसावं की. पंचायतीत कामून?”

मला हसू आलं. त्यानं ते बघितलं.

“मी बोललो तर लोकं म्हनतेत, ह्याचं पोट दुखायलंय. तुमचं तसं न्हाई. तुमी सोता अण्णाचं मानूस. तुमी बोललाव तर ते गावाचं बोलनं.” उठता उठता दारात वळून म्हणाला, “एक वंगाळ वाटतंय बगा. बीए झालेलं मानूस अण्णाच्या सावलीत बसलंय, असं बोलतेत तेवढं आयकवत न्हाई.”

तो गेला आणि मी पुढचे दोन दिवस तेच चघळत बसलो. कोण बोलतंय, कुठं बोलतंय, हे त्याला विचारायचं मला सुचलं नाही. बायको म्हणाली, भाकरी पुढ्यात ठेवून भिंतीकडं काय बघायलाव? मी तिच्यावरच खेकसलो. खेकसणं हा माझा जुना दुर्गुण आहे, विशेषतः समोरचा बरोबर असेल तेव्हा.

पुढच्या आठवड्यात त्यानं अर्जांचा गठ्ठा आणून दिला. वहीचे कागद, प्रत्येकावर मजकूर आणि खाली सह्या, अंगठे. सगळे माझ्या नावानं. अध्यक्ष कुणाचं ऐकत नाहीत, गावाला विचारत नाहीत, तरी आपल्यासारख्या निःस्पृह माणसानं पुढं व्हावं. मी वरचा मजकूर दोनदोनदा वाचला. ‘निःस्पृह’ शब्द बघून आमच्या गावात हा कुणाला येतो, असा प्रश्न पडायला हवा होता. खालच्या सह्या मी वाचल्या नाहीत, त्या किती आहेत एवढंच बघितलं. गंमत अशी की त्या नाटकातही भल्या माणसाच्या घरात अशीच बनावट पत्रं टाकलेली असतात. मी ते पाठ केलं होतं. तरीही माझ्या हातातली पत्रं मला खरी वाटली, कारण ती माझ्याबद्दल होती.

मी हो म्हणालो. वकिलानं आणखी एक सुचवलं, “नोटिशीवर तुमची सही नको, अक्काची बी नको. सात सह्या पुरतेत. तुमचे हात त्या दिवशी पायजेत.” अक्का म्हणजे आमच्याच भावकीतली एक म्हातारी मेंबर, राखीव जागेवर निवडून आलेली. तिलाही त्यानं गाव नाराज आहे असं सांगून पटवलं होतं. अण्णांना सातच जण फुटलेत असं वाटावं, ते गाफील राहावेत, असा बेत होता. मला तो बेत तेव्हा हुशारीचा वाटला. त्यातला घाण भाग माझ्याच वाट्याचा आहे, हे दिसलं नाही.

एका रविवारी दिवस उगवायला आम्ही नऊ जण रानातल्या मल्लण्णाच्या, म्हणजे आमच्याकडच्या खंडोबाच्या, देवळात जमलो. पुजाऱ्यानं घोंगडी अंथरून तिच्यावर बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा ठेवला होता. बेलभंडारा उचलायचा, म्हणजे ते दोन्ही तळहातावर घेऊन देवापुढं शब्द द्यायचा. एकदा दिला की दिला. आमच्या मेंढक्यांच्या घरात तर लहानपणापासून सांगतात, कागद मोडतो, सोयरीक मोडते, उचललेला भंडारा मोडत नाही. मोडला त्याच्या घरी दिवा लावायला कुणी राहत नाही.

मी म्हणालो, “चांगल्या मानसांना शपथ कशाला पायजे? शब्द दिला की झालं.” हे बोलणं माझं नव्हतं, नाटकातल्या त्या भल्या माणसाचं होतं. मला ते एकदा कुठं तरी म्हणायचंच होतं.

वकील हसला. “सर, पुस्तक राहू द्या. आमच्याकडं भंडाऱ्याबिगर कुनी म्हस बी इकत न्हाई.”

सगळे हसले, मीही हसलो. मग मी एक अट घातली. अण्णांची खुर्ची काढायची, अब्रूला धक्का लावायचा नाही. सगळे एका दमात “व्हय व्हय” म्हणाले. इतक्या लवकर हो म्हणणाऱ्यांनी ऐकलेलं नसतं, हे मला बूथवर बसून माहीत व्हायला हवं होतं. मी बेलभंडारा उचलला. तळहातावर तो अजिबात जड लागत नाही. सगळ्यांत शेवटी अक्कानं उचलला आणि उरलेला भंडारा कपाळाला लावला.

नोटीस गेली. मीटिंगची तारीख आली. त्याच्या पाच दिवस आधी वकिलानं सही केलेल्या बाकीच्या सहा जणांना जीपमध्ये घातलं आणि देवदर्शन म्हणून श्रीशैलला नेलं. कुणी फोडू नये म्हणून ही तजवीज. मी आणि अक्का गावातच राहिलो, कारण आम्ही फुटलोय हे कुणाला माहीतच नव्हतं. “तुमाला कशाला न्यायाचं?” वकील म्हणाला, “तुमच्यावर इस्वास हाय.”

तिसऱ्या दिवशी अक्का बूथवर आली. हैदराबादहून तिच्या पोराचा फोन यायचा होता. मी ड्रॉवरमधला गठ्ठा काढून पुन्हा तोच मजकूर वाचत बसलो होतो. धीर यावा म्हणून वाचायचो, खोटं कशाला सांगू.

“काय वाचायलास, लेकरा?”

“गावचे अर्ज, अक्का. अण्णाच्या इरोधात.”

“मला बी आयकू दे की. कुनी कुनी केलेत?”

मी पहिल्यांदा सह्यांकडं बघितलं आणि वाचलं. शिंप्याच्या थोरल्याचं नाव.

“त्यो? त्यो नागपंचमीपसून पुन्याला हाय. त्यानं कवा केला?”

दुसरं नाव कोष्ट्याच्या सुनेचं. अक्का माझ्याकडं बघत राहिली. “ती दर आयतवारी हैदराबादहून तुझ्याच फोनवर सासूला बोलती न्हवं?”

बोलायची. मीच सासूला हाक मारून बोलवायचो. मी तिसरं नाव वाचलं, एका म्हाताऱ्याचा अंगठा.

“त्याचं तेरावं तूच जेवलास की रं.”

पुढची मी वाचत गेलो आणि ती सांगत गेली. हा उसाच्या टोळीबरोबर गेलाय. ही माहेरी बिदरात मैलूरला राहते, दोन वर्षं झाली. हे घर तर बंदच आहे. जी माणसं गावात नाहीत, त्यांच्याच सह्या-अंगठे बनवून वकिलानं माझ्यापुढं ठेवले होते. चौकशी करायला कुणी सापडू नये हा त्याचा हिशेब. आणि आख्ख्या गावात कोण परगावी आहे हे ज्याला तोंडपाठ, त्या माझ्यावरच तो लागू पडला.

अक्का रागावली नाही. “मला वाचाया येत न्हाई,” एवढंच म्हणाली, “तुला तर येतंय की.”

मी गठ्ठा परत ड्रॉवरमध्ये टाकला. तिनं विचारलं, “मग आता?”

“भंडारा उचललाय, अक्का.”

तिनं आपला हात उलटा करून तळव्याकडं बघितलं. “मी बी उचललाय,” म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला, तिच्या पोराचा होता. ती डब्यात गेली आणि म्हशीबद्दल बोलत राहिली.

संध्याकाळी श्रीशैलहून वकिलाचा फोन आला. रोजच यायचा, गावाचा वारा बघायला. मी त्याला सरळ म्हणालो, अर्जावरच्या सह्या खोट्या आहेत. पलीकडं जराही शांतता झाली नाही. उत्तर तयारच होतं.

“सर, सह्या खोट्या आसतील. गोष्ट खोटी हाय का? अण्णा कुनाचं आयकतेत का, सांगा.”

“पर लोकांनी...”

“लोकं हितं आसते तर त्यांनी सोता केल्या आसत्या. पोटासाठी गेलेत बिचारे. त्यांच्या वतीनं आपुन केल्या.” मग आवाज खाली आला. “आन भंडारा तर खरा उचललाय न्हवं? लेकराबाळाचं घर हाय तुमचं.”

त्यानं फोन ठेवला. मी रिसीव्हर कानाला तसाच धरून बसलो होतो. माझी पोरगी तेव्हा दीड वर्षाची होती आणि तिला दोन दिवस ताप होता. आता म्हणायला सोपं आहे की मी अंधश्रद्धाळू होतो. बी.ए. झालेला, नाटकं वाचलेला माणूस हळदीच्या चिमटीला भ्यायला. भ्यायलोच. पण सगळं त्या चिमटीवर ढकललं तर ते पुन्हा खोटं होईल. आणखी एक गोष्ट होती. अर्ज खोटे ठरले असते, तर गावानं मला बोलावलंच नव्हतं, हेही खरं ठरलं असतं. ते मला सोसवत नव्हतं. इतके दिवस मी गावाचा माणूस होऊन फिरलो होतो. त्या अंगरख्याची सवय झाली होती.

मीटिंगच्या दिवशी सकाळी अण्णा बूथवर आले. लेकीला गुलबर्ग्याला फोन लावायचा होता. बोलून झाल्यावर बाकड्यावर बसले, चहा मागवला. मला ते ‘तम्मा’ म्हणायचे, कन्नडमध्ये धाकटा भाऊ. चेहऱ्यावर काळजी दिसत नव्हती, मला मात्र त्यांच्या धोतराच्या काठाकडंच बघवत होतं.

“सात जनं फुटले, तम्मा. फुटू दे. नऊ लागतेत. हिकडं तू हाईस, अक्का हाय, तिघं आमच्या गल्लीतले. गाडी चालतीया.”

मी काचेवरची धूळ पुसत होतो. सकाळपासून तिसऱ्यांदा.

“लेकराचा ताप उतरला का?”

“उतरायलाय.”

“बिदरला घिऊन जा उद्या. जीप देतो.” मग माझ्याकडं जरा बघून म्हणाले, “तुला काय बोलायाचंय का?”

एवढी मोकळी वाट माणसाला आयुष्यात क्वचित मिळते. दार उघडं, समोर तो माणूस, तोही स्वतःहून विचारतोय. अर्जांचा गठ्ठा हाताच्या अंतरावर ड्रॉवरमध्ये होता.

“न्हाई, अण्णा,” मी म्हणालो.

अकरा वाजता असिस्टंट कमिशनर साहेब आले. पंचायतीच्या हॉलमध्ये सतरंजी काढून खुर्च्या मांडल्या होत्या. जीप थेट दारात येऊन थांबली आणि वकील धरून सात जण उतरले, कपाळावर श्रीशैलचं कुंकू. बाहेर माणसं जमली होती, खिडक्यांच्या गजांना डोकी लागली होती. साहेबांनी ठराव कन्नडमध्ये वाचला. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत. शिपाई जोरात म्हणाला, “कै एत्री!”

सात हात वर गेले. अण्णा सात मोजून निवांत होते. मग मी माझा वर केला.

तो क्षण कसा असेल याची मी आठवडाभर तयारी केली होती. नाटकात मरणारा माणूस आपल्या लाडक्याकडं बघतो आणि मोडून पडतो. अण्णा माझ्याकडं बघून काही तरी बोलतील, आणि मी त्यांना गाव, तत्त्व असं काही तरी उत्तर देईन, ते उत्तरही मी रचून ठेवलं होतं. अण्णांनी बघितलं, पण बोलले काहीच नाहीत. बघत राहिले फक्त.

शिपायानं बोट फिरवून मोजलं. “एंटु.” आठ.

वकिलानं मान वळवून अक्काकडं बघितलं. अक्काचे दोन्ही हात मांडीवर. तो दबक्या आवाजात म्हणाला, “अक्का, भंडारा...”

“उचललाय की,” अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “लबाडीचा व्हता म्हनून खाली ठिवला. मल्लण्णा माझा बी हाय, मी त्याला सांगते काय सांगायाचं ते.”

खिडक्यांतून कुजबुज उठली. साहेबांनी पेन काढलं, ठराव पडला असं लिहायला. माझा हात अजून वरच होता. तो खाली घेता आला असता. अक्कानं मला पुढं होऊन दाखवलं होतं की आकाश कोसळत नाही. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो. अण्णांची खुर्ची राहिली आणि माझा भंडाराही राहिला. दोन्ही दगडांवर पाय ठेवून मी पार झालो, असं मला वाटलं.

तेवढ्यात अण्णा उठले.

“साहेब, थांबा,” म्हणाले. त्यांनी माझ्याकडं हात केला. “ह्या पोराला मी लहानपनापसून वळखतो. गावातल्या हजार गोष्टी ह्याच्या पोटात हायत, कुनाचं वंगाळ केलं न्हाई ह्यानं. सात जनांनी हात वर केला, मला काई वाटलं न्हाई. ह्याचा हात वर हाय म्हंजे माझंच चुकलंय.” आणि त्यांनी स्वतःचा हात वर केला. “हे बी धरा.”

साहेबांनी विचारलं, कळतंय ना काय करताय? अण्णांनी कन्नडमध्ये सांगितलं, कळतंय. मेंबर म्हणून माझं मत आहे, ते मी देतोय. शिपायानं पुन्हा मोजलं. नऊ झाले. वकिलाच्या तोंडावर हसू यायला जरा वेळ लागला, कारण त्यालाही हे कळत नव्हतं. अक्का खुर्चीवरून उठून माझ्यासमोर आली, माझ्या वर धरलेल्या हाताकडं बघितलं आणि बाहेर गेली. मग मला हात खाली घ्यायचं सुचलं.

बाहेर वकिलाची माणसं फटाके लावत होती. अण्णा पायरीवर बसून चप्पल घालत होते. मी जाऊन उभा राहिलो. पाय कसे तिकडं गेले ते मला माहीत नाही. त्यांनी वर बघितलं. डोळ्यांत राग असता तर मी वाचलो असतो.

“तम्मा, माझं नेमकं काय चुकलं, तेवढं सांग. दुसऱ्या कुनी सांगितलं तर मला पटायाचं न्हाई.”

काही नाही चुकलं. तीन शब्द होते. वकील दारातच उभा होता, कान आमच्याकडं. पण त्याचं निमित्त कशाला सांगू? तो तिथं नसता तरी मी तेच बोललो असतो. अर्जांतलं जे वाक्य वाचून वाचून जिभेवर बसलं होतं, तेच बाहेर आलं.

“तुमी कुनाचं आयकत न्हवताव, अण्णा.”

त्यांनी जरा विचार केला. “व्हय,” म्हणाले, “आसंल.” मग उठले आणि फटाक्यांच्या धुरातून घराकडं गेले.

त्यानंतर अण्णा सहा वर्षं जगले. वेशीपाशी रोज बसायचे. जो कोणी येऊन बोलेल त्याचं सगळं ऐकून घ्यायचे, लहान पोराचंसुद्धा, मधे तोंड घालायचे नाहीत. माझं बोलणं तर ते मान खाली घालून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत.